खो मिळाल्याशिवाय उठू नये

रविवार, १८ ऑगस्ट १९८५

ही डायरी गेल्या वर्षाची आहे. आमच्या वर्कशॉपला बेअरिंग पुरवणाऱ्या दुकानदाराने दिलेली, माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या सोमाकडे कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक पानावरचा छापील वार खोडून मी बरोबर वार लिहिणार आहे. डॉक्टर म्हणाले, "सूज कधी वाढते, कधी उतरते, लक्ष ठेवा." लक्ष ठेवणे म्हणजे लिहून ठेवणे, असे मी समजतो.

पहिल्या पानावर स्वतःची माहिती भरायची जागा आहे, ती भरली. नाव: लहानू (घरात थोरला असूनही). शिक्षण: दहावी, इंग्रजी सोडून. नोकरी: अंबड येथील वर्कशॉपमध्ये, तपासणी विभागात मदतनीस. अपघात झाल्यास कोणास कळवावे: येथे बराच विचार केला. वडील इगतपुरीला रेल्वेच्या गँगमध्ये असतात, आठवड्यातून एकदा घरी येतात. आई घाबरते. म्हणून 'मलाच' असे लिहिले.

आता अपघात. माझी बहीण सुजाता दहावीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सामना ठेवला होता. खांबाला हात घालून वळताना तिचा पाय चिखलात तसाच राहिला आणि अंग पुढे गेले. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला, असे ती म्हणते. मी कुंपणाजवळ होतो. तो आवाज मला तेव्हा ऐकू आला नाही, पण त्या दिवसापासून सारखा ऐकू येतो आहे.

घरी आणल्यावर आईने धोंडाबाईंना बोलावले. त्या आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणींना चोळतात. "एक हात फिरवते, सूज कुठल्या कुठं जाईल," म्हणाल्या आणि गरम तेलाने गुडघा रगडला. सूज कुठेही गेली नाही. सकाळी गुडघा तांब्याएवढा झाला. मग महेबूबचाचांच्या टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी गुडघ्यात सुई घालून लालसर पाणी काढले. ते पाहून मी खाली बसलो. त्यामुळे आजारी सुजाता असून तिथला पहिला पेला पाणी मला मिळाले.

डॉक्टर म्हणाले, "लगामेंट ताणलंय, थोडं फाटलंय, पण तुटलेलं नाही. वाढतं वय आहे, भरून येईल. मात्र चोळायचं नाही, शेकायचं नाही. बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. सूज ही पाहुणी आहे. आली तर येऊ द्या, पण पाट मांडू नका. पाट मांडला की उठत नाही."

"सर, मी ओळीत कधी बसू शकेन?" सुजाताने विचारले. खो-खोत उकिडवे बसून वाट पाहावी लागते, त्याबद्दल ती बोलत होती.

"उकिडवं बसता येईल तेव्हा. या वर्षीच्या स्पर्धा विसर. आधी सूज उतरू दे. सांध्यात सूज मुरली, तर गुडघा जन्मभर अर्धाच वाकायचा."

शेवटचे वाक्य त्यांनी साधेपणाने म्हटले. मी ते साधेपणाने ऐकू शकलो नाही.

लगामेंट हा शब्द इंग्रजी असला, तरी 'लगाम' वरून आलेला दिसतो, कारण काम तेच: गुडघा भलतीकडे जाऊ नये म्हणून ओढून धरणे. परतताना महेबूबचाचांना सांगितले, तर ते घोड्याकडे पाहून म्हणाले, "लगाम टूटा नहीं ना? बस. फिर गाडी घर पहुँचती है."

मंगळवार, २० ऑगस्ट

आईने सुजाताचे पाणी तोडले आहे. डॉक्टर 'गुडघ्यात पाणी झालंय' म्हणाले होते, तेव्हा आणखी पाणी प्यायले तर ते उतरून तिथेच साचणार, असा आईचा हिशेब. ताक बंद, वरण घट्ट.

"आई, डोक्यात पाणी झालं असतं, तर माझी आंघोळ बंद केली असतीस का?" सुजाता म्हणाली.

"तुझ्या डोक्यात काही व्हायला आधी काही असावं लागतं," आई म्हणाली.

मला आईचे पटले नाही, पण चुकीचे आहे अशी खात्रीही देता येईना. म्हणून दोन दिवस मीही तिला अर्धाच पेला देत होतो. आज कामावर जाताना वाकडी वाट करून दवाखान्यात विचारून आलो. प्यायचे पाणी गुडघ्यात जात नाही. परिचारिका इतकी हसली, की मी आईचे नाव सांगितले नाही, 'शेजारी म्हणतात' असे म्हटले.

शाळेतल्या मैत्रिणी भेटायला आल्या होत्या. त्या तिला 'सूजाता' म्हणतात. मी त्यांना समजावून सांगितले, की सुजातामधला सु ऱ्हस्व आहे. ज्या बाईने भगवान बुद्धांना खीर दिली, तिचे हे नाव. सूज हा वेगळा शब्द, त्यातला सू दीर्घ. मात्र त्याला प्रत्यय लागला, की उकार ऱ्हस्व होतो: सुजेचा, सुजेला. सुजाताने उशी तोंडावर घेतली.

नंतर एकटाच विचार करत बसलो. सुजेला काही लावले की ती ऱ्हस्व होते. काळजीचे तसे नाही. काळजीला, काळजीने, काळजीमुळे: काहीही लावा, दीर्घच राहते.

रविवार, २५ ऑगस्ट

वडील आले. इगतपुरीच्या पावसाने त्यांच्या पिशवीतला टॉवेलसुद्धा ओला होता. त्यांना मी माझी नवी व्यवस्था दाखवली.

आमच्या वर्कशॉपमध्ये भाग बरोबर झाला की नाही, हे पाहायला गेज असते. एक बाजू गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. तसे झाले तर पास, नाही तर नापास, वाद नाही. त्याच पद्धतीने मी सुजाताच्या चांगल्या गुडघ्यावरून माप घेऊन तांब्याच्या तारेचे एक कडे केले, मांडीसाठी दुसरे. दुखऱ्या गुडघ्यावरून कडे गेले, की सूज उतरली. आज ते गुडघ्याखालीच अडते.

"ही बांगडी आहे का तोडा?" सुजाताने विचारले.

"गेज आहे."

"सासरी जाताना घालीन."

वडिलांनी कडे हातात फिरवून पाहिले. रुळांमधले अंतर मोजायला त्यांच्याकडेही असेच माप असते. "चांगलं केलंस," म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण लहानू, रोज मोजून रूळ सरळ होत नाही बाळा. ठोकावा लागतो."

गुडघा ठोकायचा नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

सोमवार, ९ सप्टेंबर

आनंदाची बातमी. गुडघ्यावर कडे अजून अडते, पण पूर्वीपेक्षा वर जाऊन. आणि मांडीचे कडे चक्क सैल फिरते! म्हणजे सूज वरच्या बाजूनेही उतरू लागली. इतकी उतरली, की दुखरी मांडी चांगल्या मांडीपेक्षा बारीक झाली आहे. अपेक्षेपेक्षा जास्त यश. येताना पेढे आणले.

हे माझ्या व्यवस्थेचे फळ आहे. तिला मी पाय खाली टेकवू देत नाही. पुस्तके, ताट, कंगवा, सगळे जागेवर नेऊन देतो. बर्फ रोज आणतो. तो भुशात गुंडाळून मिळतो. घरी येईपर्यंत अर्धा वितळतो, उरलेल्यातला अर्धा सुजाता साखर घालून खाते. परवा डॉक्टरांकडे जायचे आहे. मांडीचे कडेही बरोबर नेणार.

बुधवार, ११ सप्टेंबर

पेढे वाया गेले.

डॉक्टरांनी गुडघा दाबून, हलवून पाहिला, लगामेंट भरत आहे म्हणाले आणि आम्हांला मागच्या इमारतीतल्या व्यायाम विभागात पाठवले. तिथे लंकाबाई म्हणून मदतनीस आहेत. बागलाणातल्या, नामपूरकडच्या. वय माझ्यापेक्षा कमीच असावे, पण आवाज हेडमास्तरांचा. मी कौतुकाने मांडीचे कडे फिरवून दाखवले.

त्यांनी एकदा कड्याकडे पाहिले, एकदा मांडीकडे आणि एकदम त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "हाई काय शे?"

"गेज," मी म्हटले. "मांडीची सूज पूर्ण उतरली."

"मांडीला सूज होतीच कधी? अहो, मांडी वाळली पोरीची."

मग त्यांनी नीट सांगितले. गुडघा सुजला, की मांडीचा स्नायू झोपतो. पाय हलवला नाही, तर तो वाळतो. तो वाळला, की गुडघा एकटा पडतो. एकट्याला भार झेपत नाही, म्हणून पुन्हा सुजतो. पहिले काही दिवस विश्रांती बरोबर, नंतर काम पाहिजे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. पाय सरळ ठेवून टाच उचलायची. सूज उतरवायची असेल, तर आधी मांडी जागी करायची.

मी घाबरून विचारले, "पण त्याने लगामेंट पुन्हा फाटलं तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मला वाटले, रागावल्या. पण म्हणाल्या, "नाही फाटायचं. लगामेंटला सांभाळायला घोडा दमदार हवा ना."

तेव्हापासून त्या सगळीकडे लगामेंटच म्हणत होत्या. बाहेर पडताना दुसऱ्या एका आजोबांनाही म्हणाल्या. समजावून सांगण्याची त्यांची पद्धत चांगली आहे.

सुजाता घरी येईपर्यंत हसत होती. मी तिला कारण विचारले नाही, कारण मला मांडीची चिंता लागली होती.

रविवार, २२ सप्टेंबर

आज लंकाबाई घरी येऊन गेल्या. व्यायाम बरोबर चालला आहे का ते पाहायला आले, म्हणाल्या. वाटेवरच आहे, असेही म्हणाल्या. त्या पंचवटीत राहतात. आमची वसाहत दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, ती पंचवटीच्या वाटेवर कोणत्याही मार्गाने येत नाही. म्हणजे त्या मुद्दाम आल्या. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम यावे लागते, याचा अर्थ गुडघा आम्हांला सांगतात त्यापेक्षा गंभीर आहे.

मी तसे सुजाताला म्हटले नाही. आईला म्हटले. आईने माझ्याकडे पाहिले आणि चहात साखर जास्त घातली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. विभागात त्या रुग्णांबरोबर येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला 'दादा' म्हणतात. मला मात्र एकदाही म्हटले नाही. 'अहो' म्हणतात. "अहो, टॉवेल नीट गुंडाळा." "अहो, ऐकलंत का?" माझे नाव त्यांच्या लक्षात राहत नसावे. पुढच्या वेळी सांगावे.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

गुडघ्यावरून कडे सकाळी जाते, संध्याकाळी अडते. मांडीचे कडे थोडे घट्ट झाले. हे चांगले, असे आता मला माहीत आहे.

विजयादशमीला विहारात कार्यक्रम होता. सगळे जमिनीवर मांडी घालून बसतात. सुजाताला मांडी घालता येत नाही, म्हणून तिला खुर्ची दिली. खुर्च्या फक्त पाहुण्यांना असतात, त्यामुळे ती पाहुण्यांच्या रांगेत गेली आणि कार्यकर्त्याने न बघता तिलाही हार घातला. तिने तो पूर्ण कार्यक्रमभर काढला नाही. शेवटी दोन शब्द बोलायला उभे राहायच्या बेतात होती, आईने खूण करून बसवले.

लंकाबाई आता दर रविवारी येतात. आज मधल्याच वारी आल्या. चिंता वाढली आहे. तरी त्यांच्यासमोर मी शांत राहतो. त्या सुजाताला पायऱ्या चढायला लावतात, भिंतीला पाठ टेकवून अर्धे खाली बसवतात. मी बाजूला उभा राहतो. सुजाता वाकली, की माझाही गुडघा आपोआप वाकतो.

काल वर्कशॉपमध्ये सोमा म्हणाला, "लहानू, पाय मुरगळला का रे?"

"नाही. का?"

"महिनाभर लंगडतोयस."

घरी हे सांगितले, तर सुजाता म्हणाली, "मग काय! गुडघा सुजलाय माझा, लंगडतोय हा."

आज तिने माझ्याकडून खो-खोचे नियम पाठ करून घेतले. बसलेल्याला मागून हात लागला पाहिजे आणि 'खो' मोठ्याने ऐकू आला पाहिजे. खो मिळाल्याशिवाय उठू नये, उठलास तर फाऊल. खो मिळाल्यावर बसून राहू नये. आणि एकदा खांद्याने दिशा घेतली, की मागे वळता येत नाही, थेट खांबापर्यंत जावे लागते. पहिला नियम मला फार आवडला. शिस्तीचा खेळ आहे.

"तुला तोच आवडणार," ती म्हणाली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

वाईट दिवस. कामावरून आलो, तर गुडघा पुन्हा फुगलेला. कडे खालीच अडले, पहिल्या आठवड्यासारखे. विचारल्यावर कळले, शाळेच्या मागच्या मैदानावर ती गेला आठवडाभर मैत्रिणींबरोबर ओळीत बसायचा सराव करत होती आणि आज धावलीसुद्धा.

मी म्हणालो, "उद्या शाळेत जाऊन संघातून नाव काढायला सांगतो. खेळ संपला."

ती रडली नाही, त्यामुळे मला जास्त अवघड गेले. म्हणाली, "दादा, मी किती दिवस ओळीत बसलेय ते माहितेय का? ऑगस्टपासून. उठता येत नाही, कारण नियम आहे. आणि खो द्यायचा तुझा विचारच नाही. तू फक्त कडं घेऊन उभा."

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"गुडघा अर्धाच वाकला तर वाकेल माझा. पण तू म्हणतोस तसं राहिले, तर तो मुळीच वाकणार नाही. आणि तुझाही."

आई म्हणाली, "दोघं जेवा आधी." जेवलो. भाकरी चांगली होती, पण चव लक्षात नाही. आज दीर्घ दिवस.

शनिवार, २३ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून दवाखान्यात नेले. मनात ठरवले होते, की डॉक्टर रागावतील आणि माझे म्हणणे खरे ठरेल. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, बाजूंनी ताणून पाहिला आणि म्हणाले, "लिगामेंट घट्ट आहे. ही नुसती दमलेल्या सांध्याची सूज. काम वाढवलंस, चांगलं केलंस. एकदम वाढवलंस, ते चुकलं."

लिगामेंट! 'लि'. नीट ऐकू यावे म्हणून मी पुन्हा म्हणायला लावले. लिगामेंट. तिथे लगाम नाही, घोडा नाही, काही नाही. गेले तीन महिने मी डायरीत, वर्कशॉपमध्ये, विहारात, सगळीकडे चुकीचे बोललो आणि लिहिले. इंग्रजीने मला पुन्हा एकदा नापास केले.

एकच समाधान: लंकाबाईही लगामेंटच म्हणत होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत नसावे. पण त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर गुडघ्याचे मोठे चित्र आहे आणि त्याखाली तो शब्द ठळक छापला आहे, हे आज प्रथमच वाचले. रोज समोर असलेले माणसाला दिसत नाही, ते असे.

त्यांनी आमचे भांडण ऐकून घेतले, दोन्ही बाजूंचे. मग मला म्हणाल्या, "अहो, सूज म्हणजे गुडघ्याचं बोलणं. कामाने संध्याकाळी सुजला आणि सकाळी उतरला, तर तो म्हणतो, 'चालेल.' सकाळीही तसाच राहिला, तर म्हणतो, 'आज थोडं कमी.' त्याचं ऐकायचं. तोंड दाबायचं नाही त्याचं."

"आणि कडं?"

"असू द्या. पण दिवसातून एकदा, सकाळी. गुडघ्यालाही थोडी अब्रू असते."

नाव काढायला मी शाळेत गेलो नाही. सुजाताला सांगितले, की तिने सराव करावा, पण थोडा थोडा, आणि मला सांगून.

"हा अर्धा खो झाला," ती म्हणाली. पण संध्याकाळी तिने माझ्या डब्याचे भांडे घासून ठेवले, जे ती कधीच करत नाही.

रविवार, २९ डिसेंबर

गेला आठवडाभर कडे रोज सकाळी जाते आहे. काल आणि आज संध्याकाळीसुद्धा गेले, हे मी ती पेंगत असताना पाहिले, लंकाबाईंना सांगणार नाही. मांडीचे कडे दोन्ही पायांना सारखे बसते.

आणि आज ती उकिडवी बसली. भिंतीला न टेकता, दोन्ही टाचा जमिनीला लावून. लंकाबाई समोर उभ्या होत्या, आई दारात होती, वडील कोपऱ्यात विडी विझवून बसले होते. सुजाता हळूहळू खाली गेली आणि तिथून म्हणाली, "आता कुणी बोलू नका, मला इथनं घर कसं दिसतं ते बघू दे." वडिलांनी नाक शिंकरले आणि इगतपुरीच्या थंडीला नावे ठेवली.

गुडघा बरा झाला, असे लंकाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी हलक्या सरावाला परवानगी दिली आहे, खांब मात्र अजून नाही.

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. त्यांची बदली सटाण्याला झाली आहे. गाव जवळ, आईवडील जवळ. बारा जानेवारीला जाणार.

मी म्हटले, "छान झालं."

त्या म्हणाल्या, "हो. छानच."

सुजाता अजून उकिडवी बसलेली होती. तिथूनच तिने कपाळावर हात मारला. गुडघ्याला कळ आली का, असे मी विचारले, तर म्हणाली, "नाही, डोक्याला."

त्या गेल्यावर विचार केला. गुडघा बरा झाला, म्हणजे आता त्यांना यायचे कारण उरत नाही. ही समाधानाची गोष्ट आहे. ती लिहून ठेवतो, म्हणजे समाधान वाटेल.

रविवार, १२ जानेवारी १९८६

डायरीची मागची पाने संपली, म्हणून पुढे आलो. ऑगस्टमध्ये सुरुवात केल्यामुळे जानेवारीची पाने कोरीच होती. वार खोडून लिहिला आहे.

सकाळी शाळेच्या मैदानावर सराव होता. सुजाता पहिल्यांदा खऱ्या ओळीत बसणार, म्हणून मी गेलो. लंकाबाईही आल्या, हातात ट्रंक. बस दुपारची होती. म्हणाल्या, "एवढं बघून जाते."

मी ओळीच्या टोकापलीकडे जमिनीवर बसलो, जेणेकरून गुडघा समोरून दिसेल. सोमाचे ऐकून गेले काही दिवस सरळ चालतो, पण बसताना आपोआप उकिडवाच बसतो. सुजाता ओळीत बसली. पहिला खो दुसऱ्या मुलीला गेला. दुसराही. ती दोन्ही टाचा टेकवून थांबली होती, मान ताठ, आणि मी तिच्या गुडघ्याकडे बघत होतो. मग तिच्या पाठीवर थाप पडली, "खो!" आणि ती उठली. कशी उठली, ते मला नीट सांगता येणार नाही. मी गुडघा बघत होतो, आणि पाहतो तर गुडघा तिथे नव्हताच, ती पलीकडे धावत होती.

मला वाटले होते, की त्या क्षणी मला भीती वाटेल. ती वाटण्याआधीच लंकाबाईंनी ट्रंक उचलली. "बरं शे," म्हणाल्या, बहुतेक गुडघ्याला. "येते मी." आणि फाटकाकडे निघाल्या.

मी बसून राहिलो. मला काही प्रश्न विचारायचे होते: थंडीत पट्टी बांधावी का, सराव आठवड्यातून किती वेळा. ते मी कागदावर लिहून आणले होते. कागद खिशात होता आणि एकही प्रश्न विचारावासा वाटत नव्हता. हे असे मला पूर्वी कधी झालेले नाही.

एवढ्यात मागून धावण्याचा आवाज आला आणि माझ्या पाठीत सणसणीत थाप बसली.

"खो!"

सुजाता. खेळ सोडून, ओळ सोडून, थेट माझ्या मागे. सगळ्या मुली थांबून पाहत होत्या. खेळाच्या बाईंनी शिटी तोंडातून काढली.

"अगं, मी खेळात नाही," मी म्हटले.

"आहेस. ऊठ, फाऊल होईल."

मी उठलो. कोणत्या बाजूला जायचे, हे मी ठरवले नाही. पण उठताना माझा खांदा फाटकाकडे वळला होता, आणि नियम मला पाठ आहे.

लंकाबाई फाटकाबाहेर पोचल्या होत्या. मी धावत गेलो. अजिबात लंगडलो नाही, असे सुजाता नंतर म्हणाली. ट्रंक त्यांच्या हातातून घेतली आणि फाटकापाशी लावलेल्या माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधली. बसस्थानकापर्यंत आम्ही चालत गेलो. निम्म्या वाटेवर मी म्हणालो, "पुन्हा सूज आली, तर सटाण्याला दाखवायला यावं का?"

"कुणाला सूज?"

मी विचार केला. खोटे बोलणे बरोबर नाही.

"तिला नाही येणार," मी म्हटले.

त्या म्हणाल्या, "लगामेंटचं काही सांगता येत नाही."

"लिगामेंट," मी म्हटले. "लि ऱ्हस्व."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "भिंतीवर लिहिलंय की. पण मला तुमचाच शब्द आवडतो."

बसमध्ये चढल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "रविवारी घरीच असते मी. या. पण ती तांब्याची तार नका आणू. घरातले म्हणतील, बांगडीचं माप घ्यायला आला."

मी माझे नाव सांगायचे ठरवले होते, ते राहून गेले. बस सुटताना त्या म्हणाल्या, "अहो लहानू, कागद पडला तुमचा." म्हणजे त्यांना माहीत होते.

घरी आलो, तेव्हा दिवे लागले होते. आत्ता लिहितो आहे. सुजाता स्टोव्हपुढे उकिडवी बसून आईशी भाकरीवरून हुज्जत घालते आहे. आईला मी विचारले, बांगडीचे माप कसे घेतात. आईने भाकरी तव्यावरच ठेवली आणि वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "तपासणी झाली. आता ठोका." कशाबद्दल म्हणाले, ते मला आता थोडेसे समजते आहे.

वर पानावर पाहतो, तर आज गुडघा मोजायचा राहून गेला.